जुन्या स्पेस ऑपेरा कादंबऱ्यांची गोडी अजून का टिकून आहे?

पुण्यात अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. वडिलांच्या कपाटात स्पेस ऑपेराच्या, म्हणजे ताऱ्यांमधल्या भव्य साहसांच्या, जुन्या इंग्रजी पेपरबॅक कादंबऱ्यांचा गठ्ठा निघाला. पानं पिवळी पडलेली, मुखपृष्ठांवर अवाढव्य अंतराळयानं. त्यानं दोन वाचल्या. विज्ञान ठिकठिकाणी चुकलेलं, पात्रं एकसुरी, बायकांना करायला फारसं काही नाही. तरी तिसरी हातात घेतली. आता विचारतोय की ही ओढ कशाची, जुन्याच्या कौतुकापलीकडे यात काही आहे का, वाचायची तर कुठून सुरुवात करावी, आणि मराठीत असं का लिहिलं गेलं नाही.

मी बरीच वर्षं विज्ञानकथांची भाषांतरं आणि संपादन करत आलो आहे. यांतली काही पुस्तकं ओळीओळीनं मराठीत उतरवून पाहिली आहेत. भाषांतराला बसलं की लेखकानं कुठे वेळ मारून नेली आणि कुठे जीव ओतला हे लपत नाही. त्या आधारावर जरा सविस्तर लिहितो.

जुन्याचं कौतुक हे कारण आधी बाजूला ठेवू. ते तुम्हाला लागूच होत नाही. यातल्या बऱ्याच कादंबऱ्या तुमच्या वडिलांच्या जन्माआधीच्या आहेत; ज्या काळाची एकही आठवण तुमच्याकडे नाही, त्याचा उमाळा तुम्हाला कसा येईल? आमच्या वाचनगटातही विशीतली मुलं ही पुस्तकं मागून नेतात आणि पुढचा भाग आहे का म्हणून विचारतात. जुन्या पुस्तकांपैकी बहुतेक सगळी कालबाह्य होतात आणि विसरली जातात. ही विसरली गेली नाहीत, म्हणजे त्यांत काहीतरी अजून चालू आहे.

माझ्या मते ते आहे अंतर. दोन ठिकाणांमधलं, मैलांत आणि दिवसांत मोजायचं अंतर. या लेखकांनी भौतिकशास्त्राशी वाटेल तशी झोंबाझोंबी केली, पण अंतरानं माणसाचं काय होतं हे त्यांना नेमकं कळलं होतं. मुख्यालय दूर आहे, निरोप पोचायला वेळ लागणार, मदत येईलच असं नाही, आणि निर्णय आत्ता घ्यायचाय. एवढं भांडवल असलं की बाकीची कादंबरी उभी राहते.

हे भांडवल त्यांच्या हाती आलं केव्हा, ते पाहण्यासारखं आहे. १ जानेवारी १९२५ या दिवशी वॉशिंग्टनमधल्या सभेत एडविन हबल यांचा निबंध वाचला गेला आणि देवयानी तारकासमूहातला तो धूसर पुंजका आपल्या आकाशगंगेच्या बाहेरची, स्वतंत्र दीर्घिका आहे हे पक्कं झालं. त्याआधी पाचच वर्षं, १९२० मध्ये, मोठमोठे खगोलशास्त्रज्ञ आकाशगंगा म्हणजेच सगळं विश्व की नाही यावर वाद घालत होते. विश्व एकाएकी कल्पनेपलीकडे मोठं झालं. आणि ऑगस्ट १९२८ मध्ये 'अमेझिंग स्टोरीज' या अमेरिकी मासिकात 'द स्कायलार्क ऑफ स्पेस'चा पहिला हप्ता आला. लेखक ई. ई. स्मिथ. पेशानं रसायनशास्त्रज्ञ, पिठांच्या आणि डोनटच्या मिश्रणांवर काम करणारा माणूस. कादंबरी त्यानं १९१५ मध्येच सुरू केली होती, तीही मित्राच्या पत्नीच्या, ली हॉकिन्स गार्बी यांच्या, मदतीनं, कारण प्रेमप्रसंग आपल्याला जमणार नाहीत असं त्याला वाटत होतं. पुढे कित्येक वर्षं ती संपादकांकडून साभार परत येत राहिली. ती अखेर छापली गेली तेव्हा वाचकांच्या डोक्यात त्या आकाराचं विश्व नुकतंच शिरलं होतं. सूर्यमालेबाहेर पडून ताऱ्यांमध्ये भटकणारं यान त्यांनी लगेच आपलंसं केलं.

याच कादंबरीत एक छोटा प्रसंग आहे. यान प्रकाशाहून वेगानं जाऊन पोचलं हे लक्षात आल्यावर एक जण आइन्स्टाइनचं नाव काढतो. त्यावर दुसऱ्याच्या उत्तराचा मथितार्थ असा, की तो एक सिद्धांत आहे आणि हे अंतर आपण प्रत्यक्ष मोजलेलं आहे. पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत व्याख्यानांना जाणारी किंवा ज्योतिर्विद्या परिसंस्थेत आकाशनिरीक्षण शिकलेली मंडळी इथे हमखास नाराज होतात. पण लेखकाला अडचण ठाऊक होती हे त्यातून दिसतं. प्रकाशाहून वेगानं काही जाऊ शकत नाही हा आइन्स्टाइनचा नियम तो विसरलेला नाही. गोष्टीसाठी तो दार उघडतोय आणि दार उघडलं हे वाचकाला सांगतोय.

दार उघडणं भागच होतं. चंद्रापर्यंत प्रकाशाला सव्वा सेकंद लागतो, सूर्यापासून इथे यायला सुमारे आठ मिनिटं वीस सेकंद, सगळ्यांत जवळच्या ताऱ्यापासून सव्वाचार वर्षं, आकाशगंगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाला साधारण एक लाख वर्षं, देवयानी दीर्घिकेपासून पंचवीस लाख. १९७७ मध्ये निघालेलं व्हॉयेजर-१ सेकंदाला सुमारे १७ किलोमीटर वेगानं चाललंय. त्या वेगानं जवळच्या ताऱ्याइतकं अंतर कापायला सुमारे ७५ हजार वर्षं लागतील. हे आकडे पाठ होतात, अंगात भिनत नाहीत. नारायणगावाजवळ खोडदला जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या पंचेचाळीस मीटर व्यासाच्या तीस तबकड्या शेताशिवारांत उभ्या आहेत. त्यांतल्या एकीखाली उभं राहिल्यावर तबकडी केवढी आहे ते कळतं, पण ती ज्या दीर्घिकेकडे तोंड करून आहे ती किती लांब आहे ते कळत नाही. ते कळायला त्या अंतराच्या मध्ये एखादा माणूस अडकलेला दिसावा लागतो.

त्याचा उत्तम नमुना स्मिथच्याच 'गॅलॅक्टिक पॅट्रोल'मध्ये आहे. ही कादंबरी १९३७-३८ मध्ये 'अस्टाउंडिंग स्टोरीज'मधून क्रमशः आली. किनिसन नावाचा नुकताच प्रशिक्षण संपवलेला तरुण अधिकारी. त्याला एक यान आणि एक कामगिरी मिळते. अंतराळातल्या चाच्यांची जहाजं गस्तदलाच्या जहाजांपेक्षा ताकदवान झालीत, ती ताकद कुठून येते ते शोधायचं. तो त्यांचं एक जहाज पकडतो, आतली यंत्रणा उघडून पाहिली जाते, सगळी माहिती नोंदवली जाते. आतापर्यंत हे नेहमीचं साहस आहे. मग स्मिथ सगळं उलटवतो. चाच्यांची जहाजं चहूबाजूंनी येणार हे निश्चित आहे आणि आपलं यान त्यातून सुटणार नाही. तेव्हा माहितीच्या रिळांच्या प्रती करायच्या, सगळ्यांनी छोट्या जीवरक्षक नावांतून दोघे-दोघे पांगायचं, आणि रिकामं यान शत्रूला चकवायला पुढे सोडून द्यायचं. दोन संस्कृतींमधल्या, आख्ख्या दीर्घिकेत पसरलेल्या युद्धाचं पारडं आता एका रिळावर आणि नावेतल्या दोन माणसांवर आहे. किनिसनच्या सोबतीला व्हॅनबस्कर्क नावाचा धिप्पाड योद्धा, प्रचंड गुरुत्वाकर्षणाच्या ग्रहावर वाढलेला, हातात भलीमोठी कुऱ्हाड.

मी हा भाग भाषांतरासाठी सुटा करून पाहिला तेव्हा त्याची बांधणी ध्यानात आली. स्मिथ आधी तुम्हाला आकार दाखवतो: ताफे, ग्रह, तारे. आकार पुरता ठसला की सगळं काही मुठीत मावेल इतक्या वस्तूवर आणून ठेवतो. त्या वस्तूला घरी पोचायचंय, आणि घर किती दूर आहे हे त्यानं आधीच सांगून ठेवलंय. कोणती किरणं, कोणतं इंधन, हे सगळं आज खोटं ठरलं तरी या बांधणीचं काही बिघडत नाही. चुकीच्या विज्ञानानं कादंबरी मरत का नाही, या तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

मराठी वाचकाला ही बांधणी परकी वाटायला नको. गडावर एकटा पडलेला किल्लेदार, वेढ्यातून निसटलेला जासूद, अंगरख्यात शिवलेला खलिता, यांवर तर आपल्या ऐतिहासिक कादंबऱ्या पोसल्या गेल्या. १७६० च्या हिवाळ्यात भाऊसाहेब पानिपतावर अडकले तेव्हा पुण्याचा सल्ला त्यांना मिळणं शक्य नव्हतं. गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर रसदही तुटली. जे ठरवायचं ते तिथल्या तिथे. आणि १४ जानेवारी १७६१ ला जे झालं त्याची बातमी नानासाहेबांना कळली ती काही दिवसांनी, वाटेत, दोन मोती गळाल्याच्या त्या सांकेतिक पत्रातून. लढाई संपून गेली आहे आणि कुमक घेऊन निघालेला माणूस अजून आशेवर आहे, हे मधले दिवस म्हणजे अंतराचं खरं रूप. जुन्या स्पेस ऑपेराचा चांगला लेखक याच दिवसांतून गोष्ट काढतो.

आयझॅक असिमोव्हच्या 'फाउंडेशन' कथांमध्ये तर हे राजकारणाच्या पातळीवर जातं. १९४२ पासून 'अस्टाउंडिंग'मध्ये त्या येऊ लागल्या, १९५१ मध्ये पहिलं पुस्तक निघालं. प्रेरणा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासावरच्या गिबनच्या इतिहासाची. पण पुण्यात बसून वाचताना मला रोमपेक्षा दिल्ली जवळची वाटते. मध्यभागी भव्य राजधानी, तिचा दरारा कागदावर शाबूत, आणि टोकाचे सुभेदार एकेक करून स्वतंत्र होतायत. निजाम १७२४ पासून दख्खनचा खरा मालक झाला, तरी त्याच्या घराण्याची नाणी १८५७ च्या उठावापर्यंत मुघल बादशहाच्या नावानं पडत होती. असिमोव्हच्या ॲनाक्रिऑन या साम्राज्यातून फुटलेल्या राज्याचा कारभार वाचताना हे सारखं आठवतं. आणि टर्मिनस हा कडेचा ग्रह: धातू नाहीत, फौज नाही, भोवती चार दांडगे शेजारी, आणि एक नगराध्यक्ष त्या चौघांना एकमेकांच्या धाकात ठेवून आपलं गाव वाचवतो. इथे पुणेकराला नाना फडणीस आठवले नाहीत तरच नवल. असिमोव्ह लढाया बहुधा पडद्याआड ठेवतो. माणसं खोलीत बसून बोलतात आणि ग्रहांचं भवितव्य ठरतं. काही जण म्हणतात की याला स्पेस ऑपेरा म्हणू नये. मी म्हणतो, कारण ते सगळं संभाषण ज्यावर तोललेलं आहे ती गोष्ट पुन्हा तीच: राजधानी फार लांब आहे आणि कुणीही येणार नाही.

आजच्या वाचकाला हे का भावतं, यावर माझा एक तर्क आहे. तुमचा सगळा दिवस कुणाच्या ना कुणाच्या संपर्कात जातो. शंका आली की विचारता येतं, अडलं की फोन लावता येतो, आणि वरच्यांनाही तुमच्या प्रत्येक पावलावर लक्ष ठेवता येतं. या कादंबऱ्यांतल्या माणसाला ती सोय नाही आणि तो जाचही नाही. त्याला पाठवताना वरिष्ठ सांगतात की तिथे गेल्यावर तुझं तू बघ. एवढा विश्वास टाकला जाण्याची भूक विशीत फार तीव्र असते. मला वाटतं, मुलं पुढचा भाग मागायला येतात ती यासाठी.

दुसरी एक गोष्ट मला या प्रकारात मनापासून आवडते आणि तिच्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही: सोबती. त्या काळच्या मासिकांत परग्रहावरचा जीव बहुधा राक्षस म्हणूनच यायचा. 'गॅलॅक्टिक पॅट्रोल' ज्या लेन्समन मालिकेत येते, तिच्यात स्मिथनं त्या राक्षसांना सहकारी केलं. वर्सेल हा पंख असलेला, अनेक डोळ्यांचा, ड्रॅगनसारखा जीव आहे आणि किनिसनचा जिवलग मित्र आहे. ट्रेगॉनसी पिंपासारखा, डोळे नसलेला, शांत आणि भरवशाचा. माझा आवडता मात्र नॅड्रेक. अतिशीत ग्रहावरचा हा प्राणी माणसाच्या दृष्टीनं भित्रा आहे. त्याच्या जमातीत मात्र धोका टाळणं हाच मोठा गुण मानतात. तो कधीही समोरासमोर लढत नाही. लांब, सुरक्षित जागी बसून शत्रूच्या गोटातल्या अधिकाऱ्यांच्या मनात एकमेकांविषयी संशय पेरतो, आणि ते आपापसांत लढून संपतात. माणसांना ही तऱ्हा आवडत नाही, पण स्मिथ त्याला खलनायक करत नाही, त्याचा स्वभाव बदलत नाही, त्याला शेवटी शूरही करत नाही. तो आहे तसा दलात सन्मानानं आहे. ज्या पुस्तकातली माणसं सपाट आहेत, त्यात हा एवढा बारकाईनं केलेला जीव सापडतो याचं मला अजून अप्रूप वाटतं. पात्रं एकसुरी आहेत हे तुमचं निरीक्षण बरोबर आहे, पण ते माणसांपुरतं. लेखकाची सगळी ममता बिनमाणसांकडे गेली आहे.

आता दोष. भाषेबद्दल फार बोलत नाही. लढाईच्या वर्णनात स्मिथ विशेषणांची रास लावतो, आणि आजच्या कोरड्या मराठीत ती आणली तर नुसती पोकळ वाटते. चढ्या आवाजात म्हणायच्या पोवाड्यासारखा सूर लावला तरच ती उभी राहते. हा दोष मी सोडून देतो. न सोडण्यासारखे दोष वेगळे आहेत. आख्खे वंश, आख्खे ग्रह नष्ट केले जातात आणि कुणाचा हात थरथरत नाही. त्याच काळातला दुसरा लेखक एडमंड हॅमिल्टन, त्याला तर वाचकांनी 'जगबुडव्या' अशा अर्थाचं टोपणनावच दिलं होतं. स्मिथच्या लेन्समन मालिकेच्या मुळाशी पिढ्यान्‌पिढ्या जुळवलेल्या लग्नांतून श्रेष्ठ माणूस घडवण्याची योजना आहे. ती त्या काळच्या वंशशुद्धीच्या विचारातून आलेली आहे आणि ज्या दशकात ती लिहिली गेली त्याच दशकात त्या विचारानं युरोपात काय केलं ते आपल्याला माहीत आहे. स्त्रिया बहुतेक वेळा सुटका करून घेण्यापुरत्या. 'तो काळच तसा होता' म्हणून हे झटकू नये. त्याच काळात, त्याच मासिकांच्या जगात, ली ब्रॅकेट आणि सी. एल. मूर या बायका स्वतःच्या ताकदीवर लिहीत होत्या, आणि ब्रॅकेटची माणसं स्मिथच्या माणसांपेक्षा कितीतरी खरी आहेत.

आणखी एक दोष माझ्या मुख्य मुद्द्याशी निगडित आहे. प्रत्येक भाग आधीच्यापेक्षा मोठा करण्याच्या नादात या मालिका स्वतःचंच भांडवल खाऊन टाकतात. स्मिथच्या पहिल्या भागात एक जहाज पकडणं ही मोठी गोष्ट असते. पुढे ग्रहच अस्त्र होतात, दोन ग्रहांच्या कात्रीत शत्रूचा ग्रह चिरडला जातो, मग सूर्याची सगळी शक्ती एका झोतात वळवली जाते. कल्पना म्हणून हे थरारक आहे, पण सगळं अंतर क्षणात कापता यायला लागलं की लांबचं असं काही उरत नाही. तिथून पुढे माझी पकड सुटते आणि बहुतेक वाचकांचीही सुटते. तुमची उत्सुकता नंतरच्या भागांत मंदावली तर स्वतःला दोष देऊ नका.

अंतर संपण्याचा दुसरा प्रकार प्रत्यक्षातच घडला. ब्रॅकेटचा मंगळ म्हणजे आटलेले समुद्र, कालव्याकाठची जुनी शहरं, मरणपंथाला लागलेल्या संस्कृती. 'प्लॅनेट स्टोरीज' हे मासिक १९३९ ते १९५५ असं चाललं ते अशाच कथांवर. डिसेंबर १९६२ मध्ये मरिनर-२ शुक्राजवळून गेलं आणि कथांमधली तिथली दमट जंगलं संपली. शुक्र भट्टीसारखा तापलेला निघाला. जुलै १९६५ मध्ये मरिनर-४ नं मंगळाची वीसएक छायाचित्रं पाठवली. त्यांत उल्कापातांची विवरं होती, कालवे नव्हते. ब्रॅकेटनं काय करावं? १९७४ मध्ये तिनं आपला जुना नायक एरिक जॉन स्टार्क याला उचललं आणि दुसऱ्या ताऱ्याभोवतीच्या ग्रहावर नेऊन सोडलं. गोष्ट तीच राहिली, फक्त आणखी लांब गेली. पुढे एका गाजलेल्या अंतराळपटाच्या दुसऱ्या भागाचा पहिला पटकथा-मसुदा तिनंच लिहिला आणि लगेच, १९७८ मध्ये, ती गेली. चित्रपटांतून या प्रकाराकडे आलेल्यांनी तिचं नाव लक्षात ठेवावं असं मला फार वाटतं. 'स्पेस ऑपेरा' हे नाव १९४१ मध्ये विल्सन टकर यांनी रद्दड अंतराळकथांची निंदा करायला काढलं होतं. सत्तरच्या दशकापर्यंत त्याला कौतुकाचा अर्थ आला, आणि त्यात ब्रॅकेटसारख्यांचा वाटा मोठा आहे.

सुरुवात कुठून करायची? स्मिथच्या लेन्समन मालिकेचा क्रमांक एक बघून 'ट्रायप्लॅनेटरी' उघडू नका. ही चूक फार जण करतात आणि तिथेच थांबतात. ती मुळात १९३४ ची स्वतंत्र कथा. १९४८ मध्ये पुस्तक काढताना तिला पुढच्या मालिकेची प्रस्तावना म्हणून मागून जोडकाम केलं गेलं, आणि त्या जोडकामात पुढची सगळी रहस्यं आधीच फोडून टाकलीत. माझा क्रम असा: आधी हॅमिल्टनची 'द स्टार किंग्ज' (१९४७). विमा कंपनीत काम करणारा न्यूयॉर्कचा एक साधा माणूस आणि दोन लाख वर्षांनंतरचा एक राजपुत्र यांच्या मनांची अदलाबदल होते; तुम्ही त्या माणसाबरोबर सगळं नव्यानं शिकता, आणि एका खंडात पोट भरतं. मग थेट 'गॅलॅक्टिक पॅट्रोल'. त्यानंतर ब्रॅकेटची 'द सोर्ड ऑफ रिॲनन', म्हणजे भाषेची चव बदलेल. मग 'फाउंडेशन'. हे चार आवडले तर नव्या लोकांकडे या, इयन बँक्सच्या १९८७ च्या 'कन्सिडर फ्लेबस'पासून. तो जुन्यांचा सगळा थाट वापरतो आणि त्यांच्या युद्धज्वराला जाबही विचारतो.

एका बैठकीत संपवू नका. स्मिथचं लेखन तर महिन्याला एक हप्ता या हिशेबानं झालेलं आहे. प्रत्येक हप्त्याच्या शेवटी गळ टाकलेला असतो आणि पुढच्याच्या सुरुवातीला आधीचं थोडं पुन्हा सांगितलेलं असतं. सलग वाचलं की ही पुनरुक्ती टोचते. रात्री एक-दोन प्रकरणं वाचून पुस्तक मिटा, दुसऱ्या दिवशी मनात गोष्ट चालू राहील. त्यासाठीच ती तशी रचली आहे. पुस्तकं अप्पा बळवंत चौकात शोधण्यात अर्थ नाही, तिथे पाठ्यपुस्तकांचं राज्य. डेक्कन आणि कॅम्पकडच्या जुन्या पुस्तकांच्या ढिगांत नजर ठेवा. वडिलांच्या गठ्ठ्यात पँथर या ब्रिटिश प्रकाशनाच्या सत्तरच्या दशकातल्या आवृत्त्या असतील, तर मुखपृष्ठावर ख्रिस फॉस यांनी रंगवलेली यानं असण्याची शक्यता आहे. आतल्या गोष्टीशी त्या चित्रांचा संबंध क्वचितच असतो, पण आकार काय चीज आहे ते त्या चित्रकाराला कळलं होतं. ती फाटू देऊ नका.

मराठीत असं का नाही? भूक नव्हती असं मुळीच नाही. नाथमाधवांच्या 'वीरधवल'वर आणि बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथांवर आपल्या पिढ्या वाढल्या, आणि भा. रा. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठी मुलांच्या हाती दिला. पण मराठी विज्ञानकथेची घडण वेगळ्या रस्त्यानं झाली. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धांनी तिला आकार दिला. १९७४ च्या स्पर्धेत 'ना. वि. जगताप' या टोपणनावानं एक कथा आली, 'कृष्णविवर'; तिला बक्षीस मिळालं आणि लेखक जयंत नारळीकर निघाले. तिथून आपल्या विज्ञानकथेला प्रतिष्ठा मिळाली, आणि एक अपेक्षाही चिकटली: विज्ञान चोख असलं पाहिजे, वाचकाला काही समजलं पाहिजे. ती अपेक्षा रास्तच होती आणि तिनं आपल्याला फार चांगल्या कथा दिल्या. पण प्रकाशाचा वेग ओलांडायचं दार त्या घरात सहसा उघडत नाही. दुसरं कारण जागेचं. आपली विज्ञानकथा दिवाळी अंकात राहिली. तिथे दहा-बारा पानांची कथा बसते. वर्षभर हप्त्यांनी चालणारी, ग्रहामागून ग्रह पालथे घालणारी गोष्ट बसत नाही. अंतर दाखवायला पानं लागतात.

ही जागेची अडचण आता राहिलेली नाही. हप्त्यांनी लिहायला आणि ऐकवायला साधनं आहेत. तुम्हाला स्वतःला लिहून बघायचं असेल, आणि प्रश्नाचा रोख पाहता तशी इच्छा दिसते, तर यानाच्या इंजिनापासून सुरुवात करू नका. आधी कागदावर पाच-सहा ठिकाणं मांडा आणि कुठून कुठे निरोप पोचायला किती दिवस लागतात तो तक्ता करा. एकदा ठरवलेले दिवस गोष्टीच्या सोयीसाठी मोडायचे नाहीत. मग एक अशी बातमी घ्या जी एका टोकाला घडून गेली आहे आणि दुसऱ्या टोकाला अजून ठाऊक नाही, आणि मधल्या ठिकाणी एक माणूस ठेवा ज्याला त्या दोन्हींचा अंदाज बांधून आजच काहीतरी करायचंय. त्याच्या सोबतीला एक बिनमाणूस द्या, ज्याला धैर्याची आपली कल्पना पटत नाही. ही मांडणी करून पहिले तीन हप्ते लिहा. विज्ञानातल्या चुका नंतर संपादनात काढता येतात. त्या काढायला मी आनंदानं मदत करीन.